पूरबोटीचे इंजिन लवकर सुरू का होत नाही?

फ्युएल इंजेक्शनच्या बोट इंजिनाला सुरू होण्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी मिळाव्या लागतात: इंजिन पुरेशा वेगाने फिरवणारी बॅटरी, योग्य दाबाचे ताजे पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये टिकणारे कॉम्प्रेशन. यातली एक जरी कमी पडली, तर इंजिन पाच-सहा सेल्फ मारल्याशिवाय उचलत नाही किंवा उचलून लगेच बंद पडते. दोष नेमका कुठे आहे हे क्रमाने पाहत गेले, तर बहुतेक वेळा तो स्कॅनर न लावता सापडतो, आणि अनेकदा पैसे न खर्चता जातोही.

कोल्हापूर जिल्ह्यात या प्रश्नाला वेगळे महत्त्व आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला. करवीर तालुक्यातील चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी-कुरुंदवाडपर्यंतच्या गावांतून माणसे आणि जनावरे बाहेर काढण्यासाठी बोटींशिवाय मार्ग उरला नाही. अशा रबरी आणि फायबरच्या बोटींच्या मागच्या फळीला जे इंजिन अडकवतात, त्याला आपत्ती व्यवस्थापनातली माणसे ‘ओबीएम’ म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर. ऑक्टोबर ते मे ती बहुधा पडून असते आणि मग एखाद्या रात्री तासाभरात लागते. तिच्यातले बहुतेक दोष याच पडून राहण्यातून येतात.

कार्ब्युरेटर आणि इंजेक्शन

अनेक बोटींवर अजून कार्ब्युरेटरची टू-स्ट्रोक इंजिने आहेत. त्यांत चोक ओढून पेट्रोलचे प्रमाण वाढवायचे आणि दोरी ओढायची, एवढाच खेळ असतो. फोर-स्ट्रोक इंजेक्शन इंजिनात चोक नसतो. थंड इंजिनाला किती जादा पेट्रोल द्यायचे, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो.

पेट्रोलचा प्रवास असा. बोटीत ठेवलेल्या सुट्या टाकीतून ते रबरी पाइपने निघते. वाटेत हाताने दाबायचा रबरी फुगा असतो. पुढे पाणी वेगळे करणारा फिल्टर आणि इंजिनावरचा कमी दाबाचा पंप लागतो. हा पंप पेट्रोल एका लहान बंद टाकीत आणतो. तिला व्हेपर सेपरेटर म्हणतात, कारण पेट्रोलची झालेली वाफ इथे वेगळी होते. बहुतेक इंजिनांत या टाकीतच जास्त दाबाचा विजेचा पंप बसवलेला असतो. तो इंजेक्टरच्या सामायिक नळीत, म्हणजे फ्युएल रेलमध्ये, पेट्रोल दाबाने भरतो. अनेक फोर-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये हा दाब ३५ ते ४५ पीएसआयच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेत पाहायचा.

चावी ऑन केली की बहुतेक मॉडेलमध्ये विजेचा पंप दोन-तीन सेकंद घुमतो आणि थांबतो. सेल्फ मारल्यावर फ्लायव्हीलजवळचा क्रँक सेन्सर इंजिन फिरू लागल्याचे ईसीयूला कळवतो. तापमानाचा सेन्सर इंजिन थंड आहे की गरम हे सांगतो, इनटेकवरचा दाब सेन्सर हवेचा अंदाज देतो. या माहितीवरून ईसीयू इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि ठिणगी कधी टाकायची हे ठरवतो.

इंजिन कधी अडते?

पान्याला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारायचा: इंजिन नेमके केव्हा अडते? बरेच महिने पडून राहिल्यावर अडत असेल, तर संशय बॅटरीवर आणि जुन्या पेट्रोलवर घ्यावा. रोज सकाळी थंड असताना त्रास देत असेल, तर तापमान सेन्सर, प्लग किंवा रात्रीत मागे उतरणारे पेट्रोल यांकडे पाहावे. तासभर चालून बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी उचलत नसेल, तर कव्हरखालच्या उष्णतेने झालेली पेट्रोलची वाफ किंवा गळका इंजेक्टर हे कारण असू शकते.

दुसरा प्रश्न इंजिन फिरण्याचा. सेल्फ सुस्त फिरतो, की जोमाने फिरूनही इंजिन पेट घेत नाही, की पेट घेऊन दोन सेकंदांत बंद पडते? सुस्त फिरणे हा विजेचा दोष. जोमाने फिरून पेट न घेणे हा पेट्रोलचा किंवा ठिणगीचा. पेट घेऊन बंद पडणे म्हणजे बहुतेक वेळा पेट्रोलचा पुरवठा तुटणे किंवा आयडलची हवा न मिळणे. एवढ्या दोन उत्तरांवर अर्धी तपासणी संपते.

पहिली पाच मिनिटे

सुरुवात अगदी साध्या गोष्टींपासून करावी, कारण घाईत त्याच सुटतात. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायच्या दोरीची क्लिप सुरक्षा स्विचवर बसली आहे का? ती नसेल, तर अनेक इंजिनांत सेल्फ व्यवस्थित फिरतो पण ठिणगी पडत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? नसेल तर सेल्फच लागत नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडला आहे का? तो बंद राहिला, तर इंजिन सुरू होऊन थोड्याच वेळात टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पेट्रोल येणे थांबते. पाइपचा कनेक्टर खटकन बसला आहे का? फुग्यावरचा बाण इंजिनाकडे आहे का?

फुगा हे हातात आलेले उत्तम मापक आहे. बाण वर येईल असा तो उभा धरून दाबावा. अशा स्थितीत आतले व्हॉल्व्ह नीट बसतात. काही दाबांत फुगा कडक झाला, तर टाकीपासून व्हेपर सेपरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचले आहे. कितीही दाबला तरी कडक होत नसेल, तर पाइप कुठेतरी हवा ओढतो आहे, फुग्याचा व्हॉल्व्ह गेला आहे किंवा सेपरेटरमधली सुई बंद होत नाही. इंजिन चालताना फुगा चपटा होत असेल, तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. जुन्या पाइपचे आतले अस्तर सुटून नळी आतून मिटते, बाहेरून मात्र ती धडधाकट दिसते. शंका असेल, तर चांगल्या इंजिनाचा टाकी-पाइपचा संच लावून पाहावा. त्यावर इंजिन पटकन उचलले, तर दोष इंजिनात नाही.

बॅटरी: फिरवते, पण पुरत नाही

इंजेक्शन इंजिनात बॅटरीवर तिहेरी भार असतो: सेल्फ, पंप आणि ईसीयू. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ व्होल्ट म्हणजे ती साधारण निम्मी उतरली आहे. खरी परीक्षा सेल्फ मारतानाची. मल्टिमीटरच्या दोन्ही टोकांनी बॅटरीचे टर्मिनल धरून दुसऱ्याने सेल्फ मारायचा आणि आकडा पाहायचा. तो १० व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर इंजिन फिरताना दिसले तरी पंपाला दाब तयार करता येत नाही, ठिणगी क्षीण होते आणि ईसीयू मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. सेल्फ सोडता-सोडता इंजिन उचलत असेल, तर ते याच दोषाचे लक्षण आहे, कारण सेल्फचा भार उतरताच व्होल्टेज वर येते.

आकडा बॅटरीवर ठीक पण सेल्फ मोटरवर कमी असेल, तर मधली वायर किंवा जोड दोषी आहे. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर गरम पाण्याने धुऊन, ब्रशने घासून काढावा आणि टर्मिनल कोरडे करून घट्ट आवळावे. अर्थिंगची वायर इंजिनाला जिथे बसते, तो बोल्टही सोडून घासावा.

काही लहान इंजेक्शन इंजिने बॅटरीशिवाय चालतात. दोरीच्या ओढीतूनच पंप, ईसीयू आणि ठिणगी यांना वीज मिळते. इथे हळू ओढलेली दोरी म्हणजे उतरलेली बॅटरीच. आधी फुगा कडक करायचा, दोरी हळू ओढून ताण लागेपर्यंत आणायची आणि मग एका झटक्यात पूर्ण खेचायची.

पेट्रोल

पडून राहिलेल्या पेट्रोलमधला लवकर उडणारा भाग निघून जातो, आणि थंड इंजिन पेटवायला तोच लागतो. जे उरते ते गडद होते, त्याला वार्निशसारखा वास येतो आणि त्याचा चिकट थर इंजेक्टरच्या बारीक छिद्रांवर बसतो. गेल्या पावसाळ्यातले पेट्रोल या जूनमध्ये वापरू नये.

इथेनॉलचा मुद्दा आता अधिक गंभीर झाला आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने देशभरातील पंपांवर आले. कोल्हापूरसारख्या उसाच्या जिल्ह्याला त्याचा आर्थिक फायदा आहे, पण अनेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. आपल्या इंजिनाची मर्यादा पुस्तिकेत आधी पाहावी. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. ते काही प्रमाणापर्यंत पाणी पेट्रोलमध्ये मिसळून ठेवते, पण ती हद्द ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून तळाशी वेगळे बसतात. पाइपाचे तोंडही तळाशीच असते. मुसळधार पावसात हवेचा स्क्रू उघडा राहिलेल्या किंवा झाकण सैल असलेल्या टाकीत ही वेळ लवकर येते. इथेनॉलमुळे जुन्या रबराचे पाइप आणि ओ-रिंगही फुगतात किंवा तडकतात.

तपासणी सोपी आहे. टाकीच्या तळातून काढलेले पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत घेऊन अर्धा तास हलवू नये. पेट्रोल एकसारखे आणि पारदर्शक राहिले तर ठीक. खाली वेगळा थर दिसला, पेट्रोल धुरकट झाले किंवा तळाशी कचरा बसला, तर सगळी टाकी रिकामी करून पुसावी. वर तरंगणारे चांगले दिसणारे पेट्रोलही घेऊ नये, कारण त्यातले इथेनॉल खाली गेल्याने त्याचे ऑक्टेन घटलेले असते. त्यानंतर फिल्टर बदलावा आणि व्हेपर सेपरेटरच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू उघडून तेही रिकामे करावे. टाकी बदलून सेपरेटर तसेच ठेवले, तर पुढचा सेल्फ त्याच जुन्या पेट्रोलवर लागतो.

दाब आणि गरम इंजिनाचा त्रास

पेट्रोल चांगले असूनही इंजिन अडत असेल, तर कान लावावा. चावी ऑन केल्यावर पंपाचा घुमण्याचा आवाज आलाच नाही, तर फ्यूज, रिले आणि पंपाचा प्लग पाहावा. मात्र काही मॉडेलमध्ये पंप फक्त सेल्फ मारतानाच चालतो, याची पुस्तिकेतून खात्री करून घ्यावी. आवाज येतो पण इंजिन पेटत नाही, तेव्हा फ्युएल रेलवरच्या झडपेला दाबमापक लावावा. दाब कमी असेल, तर बारीक जाळी चोंदली आहे, पंप दमला आहे किंवा दाब राखणारा रेग्युलेटर गेला आहे. दाब बरोबर चढतो पण चावी बंद करताच झर्रकन उतरतो, तर पंपाची एकेरी झडप किंवा एखादा इंजेक्टर गळतो आहे. गळका इंजेक्टर बंद इंजिनात पेट्रोल ठिबकवत राहतो. म्हणून असे इंजिन गरम असताना ओव्हर होते, म्हणजे त्यात पेट्रोल जादा साचते, आणि उचलताना काळा धूर टाकते.

गरम इंजिनाचे दुसरे दुखणे वाफेचे. इंजिन बंद केले की थंड करणारे पाणी थांबते आणि कव्हरखालची उष्णता काही मिनिटे वाढत जाते. मे महिन्यातल्या सरावात हे हमखास जाणवते. सेपरेटरमधल्या पेट्रोलची वाफ होऊन पंप नुसती वाफ ढकलतो. अशा वेळी कव्हर काढून उष्णता जाऊ द्यावी, फुगा कडक करावा, चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून पंपाला दाब भरू द्यावा आणि मगच सेल्फ मारावा.

या सगळ्या कामात पेट्रोलच्या वाफेचा धोका असतो. ती हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते. म्हणून दाब उतरवल्याशिवाय पाइप सोडू नये, सांडलेले पेट्रोल पुसून हवा खेळू द्यावी आणि आसपास विडी-काडी किंवा उघडी ठिणगी असू नये.

प्लग काय सांगतो?

बराच सेल्फ मारून झाल्यावर काढलेला प्लग दोषाची दिशा दाखवतो. तो कोरडा असेल, तर पेट्रोल येत नाही. ओला असेल, तर पेट्रोल येते आहे पण ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त होते आहे. काजळीने काळा असेल, तर मिश्रणात बऱ्याच दिवसांपासून पेट्रोलचे प्रमाण जास्त आहे. ठिणगी पाहण्यासाठी स्पार्क टेस्टर वापरावा. वायर हवेत मोकळी धरून सेल्फ मारल्यास कॉइल आणि ईसीयू दोन्ही जाऊ शकतात. ओव्हर झालेल्या इंजिनासाठी काही मॉडेलमध्ये सोय असते: थ्रॉटल पूर्ण उघडून सेल्फ मारला, की ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि सिलिंडर सुकतो.

एकाही सिलिंडरला ठिणगी नाही आणि इंजेक्टरही उघडत नाहीत, तर संशय क्रँक सेन्सरवर घ्यावा. तो मुका झाला की ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाही. तापमान सेन्सरचा दोष जास्त फसवा असतो. सेन्सर पूर्ण तुटला, तर बहुतेक ईसीयू ते ओळखून ठरावीक आकडा धरतात. तो चालू राहून खोटे सांगू लागला, तर मात्र थंड इंजिनाला पेट्रोल कमी पडते किंवा गरम इंजिनाला जास्त मिळते. त्याचा रोध थंडपणी जास्त आणि तापल्यावर कमी असतो. त्यामुळे सेन्सर आधी साध्या आणि मग गरम पाण्यात धरून, मल्टिमीटरवरचे आकडे पुस्तिकेशी ताडून पाहता येतात. थ्रॉटल थोडा उघडल्यावरच इंजिन टिकत असेल, तर आयडलची हवा सोडणारी झडप काजळीने अडकली आहे.

ईसीयू बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. त्याच्यावर घेतलेला संशय बहुधा एखाद्या गंजलेल्या कनेक्टरपाशी मिटतो. प्रत्येक कनेक्टर सोडून हिरवी पडलेली पिन शोधणे हे ईसीयूच्या किमतीपुढे काहीच काम नाही.

कोल्हापुरात या कामाचे हात उपलब्ध आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतही इंजेक्शन सर्रास आले. त्यामुळे इंजेक्टर साफ करण्याची मशीन आणि स्कॅनर ही गॅरेजवाल्यांच्या रोजच्या वापरातली साधने झाली. इंजेक्टरचा फवारा तपासणे, तो अल्ट्रासॉनिक टाकीत धुणे ही कामे दुचाकीची आणि बोटीची सारखीच. मोडलेला एखादा बोल्ट किंवा खराब झालेले आटे यांसाठी शिवाजी उद्यमनगरच्या लेथवर काम होते.

बुडालेले इंजिन

पुरात बोट उलटून इंजिन पाण्याखाली गेले, तर पहिला नियम एकच: सेल्फ मारायचा नाही. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन जोराने फिरवले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडावी, गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा, सगळे प्लग काढावेत आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे. चालू इंजिन बुडाले असेल आणि फ्लायव्हील कुठे अडकत असेल, तर जबरदस्ती न करता ते उघडावे लागते. ऑइल दुधाळ झाले असेल, तर बदलावे. पेट्रोल, फिल्टर आणि सेपरेटर रिकामे करावे, कनेक्टर वाळवून ओलावा घालवणारा स्प्रे मारावा. हे त्याच दिवशी करायचे काम आहे, कारण हवा लागताच आतला गंज सुरू होतो.

वर्षभराची काळजी

पावसाळा संपला की इंजिन स्वच्छ पाण्यावर चालवून आतला गाळ धुवावा, टाकी आणि सेपरेटर रिकामे करावे, बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. मधल्या महिन्यांत थोड्या ताज्या पेट्रोलवर इंजिन दहा मिनिटे चालवले, तर पंप आणि इंजेक्टर अडकत नाहीत. कोरडे मात्र कधीही चालवू नये. पाणी नसेल, तर थंड करणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर काही क्षणांत जळतो, म्हणून इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवावा किंवा पाण्याची नळी जोडावी. मे महिन्यात प्लग, फिल्टर, पाइप, फुगा आणि टर्मिनल तपासून ताजे पेट्रोल भरावे आणि पाण्यावर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी.

प्रत्येक इंजिनासोबत एक नोंदवही ठेवावी. कोणत्या तारखेला इंजिन किती सेल्फमध्ये उचलले, बॅटरी किती व्होल्ट होती, पेट्रोल केव्हा भरले, एवढ्या तीन नोंदी पुरेत. एका सेल्फवर उचलणारे इंजिन तीन सेल्फ मागू लागले, की दोष सुरू झाल्याचे वहीवरून आधीच कळते. मे महिन्यात सापडलेला असा दोष फिल्टर किंवा बॅटरी बदलून जातो. तोच जुलैच्या रात्री उघड झाला, तर पाण्याने वेढलेल्या घराच्या छपरावर माणसे बोटीची वाट पाहत राहतात. म्हणून गावच्या बोटीच्या इंजिनाची चाचणी हा पावसाळ्याच्या तयारीचा, नालेसफाईइतकाच ठरलेला भाग असायला हवा.